कोल्हापूरचा रॉबर्ट आणि शंभर सह्या

मे महिना उजाडला की आपल्याकडे शिबिरांना भरती येते. संस्कार शिबिर, श्रमसंस्कार छावणी, पोहण्याचं शिबिर, व्यक्तिमत्त्व विकास शिबिर! मुलांना आठ-दहा दिवस घराबाहेर नेऊन त्यांच्यावर चांगला परिणाम घडवता येतो, ही कल्पना आता आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही काही इतिहास असेल असं आपल्या मनातच येत नाही. त्या इतिहासातलं एक पान आज मी उलगडणार आहे. ते पान अमेरिकेतलं आहे, ख्रिस्ती तरुणांचं आहे. पण त्याचा एक कोपरा कोल्हापूरच्या मातीने माखलेला आहे.

१८४४ साली लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स नावाच्या, कापडाच्या दुकानात नोकरी करणाऱ्या तरुणाने आपल्या मित्रांना जमवून एक मंडळी काढली. खेड्यातून शहरात आलेली पोरं दिवसभर दुकानात राबत आणि तिथेच वर झोपत. त्यांना प्रार्थनेला, वाचायला आणि चार माणसांत बसायला जागा हवी होती. त्यातून ‘यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन’, म्हणजे आपल्याला परिचित असलेली ‘वायएमसीए’ जन्माला आली. ती अमेरिकेत पोचल्यावर तिला तंबू, तळं आणि शेकोटी यांची जोड मिळाली. १८८५ मध्ये समनर डडली या गृहस्थाने सात मुलांना न्यूयॉर्क राज्यातल्या एका तळ्याकाठी मुक्कामाला नेलं. त्या शिबिराची परंपरा त्याच्याच नावाने आजपर्यंत चालत आली आहे.

यानंतर एकच वर्षाने, १८८६ च्या जुलैमध्ये, मॅसॅच्युसेट्स राज्यात कनेक्टिकट नदीच्या काठी माउंट हर्मन या शाळेच्या आवारात एक मोठं शिबिर भरलं. ड्वाइट मूडी हे त्या काळचे अमेरिकेतले अत्यंत लोकप्रिय धर्मोपदेशक. शाळा त्यांचीच. देशभरातल्या कॉलेजांतून अडीचशेच्या आसपास विद्यार्थी आले होते. सकाळी बायबलचा अभ्यास, दुपारी पोहणं-खेळणं, संध्याकाळी पुन्हा सभा, असा महिनाभराचा कार्यक्रम. परदेशी जाऊन धर्मकार्य करण्याचा विषय त्यात ठळकपणे नव्हताच. तो आणला एका बावीस वर्षांच्या मुलाने. त्याचं नाव रॉबर्ट वाइल्डर.

हा रॉबर्ट आपल्या कोल्हापूरचा! १८६३ साली त्याचा जन्म कोल्हापुरात झाला आणि बालपणही तिथेच गेलं. वडील रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी. आधी अहमदनगर आणि मग कोल्हापूर असा त्यांचा प्रवास. १८५२ मध्ये ते कोल्हापुरात आले आणि तिथल्या ख्रिस्ती मिशनचा पाया त्यांनी घातला. पुढे हे कुटुंब अमेरिकेला परतलं आणि प्रिन्स्टनला राहू लागलं. मुलगा तिथल्याच कॉलेजात शिकला. त्याची बहीण ग्रेस हिलाही भावाइतकीच हिंदुस्थानची ओढ होती. भावंडं मिळून प्रार्थना करत की, या देशातले शेकडो तरुण परदेशी सेवेला निघावेत.

माउंट हर्मनला पोचल्यावर रॉबर्टने आधी समविचारी मुलं शोधली. सुरुवातीला एकवीस सापडली. मग एका संध्याकाळी त्याने वेगवेगळ्या देशांशी नातं असलेल्या दहा विद्यार्थ्यांना एकामागून एक उभं केलं. प्रत्येकाने आपापल्या देशाची गरज दोन-तीन मिनिटांत सांगायची. लांबलचक प्रवचन नाही, आकडेमोड नाही. हिंदुस्थानच्या वतीने रॉबर्ट स्वतः बोलला. त्या रात्रीनंतर मुलं झाडांखाली, नदीकाठी दोघं-तिघं बसून विचार करू लागली. परदेशी मिशनरी व्हायला आपण राजी आहोत, अशा अर्थाच्या एका साध्या प्रतिज्ञेवर सह्या होऊ लागल्या. शिबिर संपायच्या दिवशी नव्याण्णव सह्या झाल्या होत्या. अखेरच्या प्रार्थनेच्या वेळी शंभरावा आला. या शंभरांत कॉर्नेल विद्यापीठाचा जॉन मॉट नावाचा एक विद्यार्थी होता. साठ वर्षांनी, १९४६ मध्ये, त्याला शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं.

पुढचं वर्षभर रॉबर्ट आणि त्याचा मित्र जॉन फोरमन यांनी दीडशेहून अधिक कॉलेजं पालथी घातली. हा फोरमनही आपल्याच उपखंडाशी नातं सांगणारा, लाहोरच्या मिशनरीचा मुलगा. वर्षाअखेर सह्यांचा आकडा दोन हजारांवर गेला आणि त्यात मुलीही होत्या. १८८८ मध्ये या चळवळीला ‘स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट’ हे नाव मिळालं. पुढच्या सुमारे साठ वर्षांत या चळवळीतून वीस हजारांच्या आसपास तरुण-तरुणी चीन, हिंदुस्थान, जपान, आफ्रिका अशा ठिकाणी गेले. आजच्यासारखं दोन आठवडे जाऊन फोटो काढून परत येणं नव्हे. बहुतेकांनी आयुष्यच तिकडे घालवायच्या तयारीने बोट पकडली होती. कित्येकांची थडगी तिकडेच आहेत.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. रॉबर्टचे वडील अमेरिकेत एक मिशनरी मासिक काढत. १८७८ साली कोल्हापुरात पोस्टात नोकरी करणाऱ्या एका तऱ्हेवाईक ब्राह्मण गृहस्थाने त्यांच्याकडे विनंती केली, ‘मला बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, मदत करा.’ हे गृहस्थ म्हणजे गोपाळराव जोशी आणि बायको म्हणजे आपल्या आनंदीबाई. वाइल्डरसाहेबांनी तो पत्रव्यवहार मासिकात छापला, पण उत्तर असं दिलं की, आधी ख्रिस्ताचा स्वीकार करा. जोशी दांपत्याला ते मान्य नव्हतं. प्रकरण तिथेच मिटायचं. पण तो अंक न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या हाती पडला, तोही दाताच्या डॉक्टरकडे नंबर येण्याची वाट पाहत असताना! तिने आनंदीबाईंना पत्र लिहिलं. पुढे स्वतःच्या घरात त्यांना मुलीसारखं ठेवून घेतलं. आनंदीबाईंनी निघण्यापूर्वी, १८८३ मध्ये, श्रीरामपूरच्या मिशनरी कॉलेजातच जाहीर सभेत सांगितलं होतं की, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. त्यांनी तो शब्द पाळला. कार्पेंटरबाईंनी त्यांना तो मोडायला लावला नाही.

जरा तारखा जुळवून पाहा. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ करण्यात आली होती. म्हणजे त्या जुलैत कोल्हापुरात जन्मलेला एक अमेरिकन मुलगा नदीकाठी सह्या गोळा करत होता, हिंदुस्थानात सेवेला चला म्हणत होता. आणि त्याच वेळी त्याच देशात एक मराठी मुलगी तीच सेवा करायला, त्याच कोल्हापूरला परतायची तयारी करत होती. नियतीने तिला ती संधी दिली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिचा अंत झाला. तेव्हा ती बावीस वर्षांचीही नव्हती.

हा सगळा इतिहास मला का महत्त्वाचा वाटतो, तेही सांगतो. मी मिरजेचा. एकीकडे मीरासाहेबांचा दर्गा, दुसरीकडे सतारमेकरांची गल्ली आणि तिसरीकडे मिशन हॉस्पिटल, असं आमचं गाव. ज्या मिशनची कोल्हापुरातली सुरुवात रॉबर्टच्या वडिलांनी केली, त्याच मिशनतर्फे १८८९ साली डॉक्टर विल्यम वानलेस हिंदुस्थानात आले. १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उघडलं. कर्नाटकापासून कोकणापर्यंतचे रोगी बैलगाडीने, रेल्वेने तिथे येत. आमच्या घरात दोन पिढ्यांची बाळंतपणं तिथे झाली. माझी आजी पाच वेळची नमाजी बाई. पण कुणी आजारी पडलं की तिच्या तोंडी पहिला शब्द ‘मिशनला न्या’ हाच. तिथे वॉर्डात सकाळी प्रार्थना होई. आजी डोक्यावरचा पदर सावरून शांत बसून राही. प्रार्थना त्यांची, दुवा आपली, असा तिचा साधा हिशेब होता.

पण हिशेब सगळ्यांसाठी इतका साधा नव्हता, हे मान्य केलंच पाहिजे. एका पिढीत सगळ्या जगाला ख्रिस्ताचा संदेश पोचवायचा, हे त्या विद्यार्थी चळवळीचं घोषवाक्य होतं. त्यात तरुणाईचा उत्साह होता, तसाच दिग्विजयाचा सूरही होता. इंग्रजी राज्याच्या सावलीत गोऱ्या माणसाला कुठेही जाणं सोपं होतं, हेही विसरून चालणार नाही. भुकेल्याला भाकरी देताना देणाऱ्याच्या मनात घेणाऱ्याचा धर्म बदलण्याची इच्छा असेल, तर भाकरीला वेगळीच चव येते.

हा प्रश्न बाहेरच्यांनीच विचारला असं नाही. १९१० मध्ये एडिंबरो येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. अध्यक्ष तेच जॉन मॉट. तिथे व्ही. एस. अझरिया हे तमिळ-तेलुगू मुलखात काम करणारे हिंदी धर्मगुरू उठले. त्यांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांचा त्याग मान्य केला आणि मग म्हणाले की, आम्हांला तुमचं प्रेम हवं आहे, तुमची मैत्री हवी आहे. सगळं दिलंत, पण बरोबरीने बसणारे मित्र दिले नाहीत, हा त्याचा मथितार्थ. १९१६ मध्ये वायएमसीएच्या अखिल भारतीय कामाची सूत्रं के. टी. पॉल या हिंदी माणसाकडे आली, त्यामागे हीच हवा होती.

मॉट पुढे महात्मा गांधींना भेटले. १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे नंतरच्या सेवाग्रामात, दोघांची प्रदीर्घ चर्चा झाली. सेवा करा, शाळा काढा, दवाखाने चालवा, पण त्यामागे धर्मांतराचा हेतू ठेवू नका, ही गांधीजींची भूमिका. आपल्याला जे सर्वोत्तम वाटतं ते दुसऱ्याला सांगितल्याशिवाय कसं राहायचं, ही मॉट यांची अडचण. दोघंही सच्चे होते, म्हणून त्या चर्चेत कुणी जिंकलं नाही. स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न सरकारदरबारी गेला. १९५६ मध्ये नागपूरच्या न्यायमूर्ती नियोगींच्या समितीने, धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावं, अशी शिफारस केली.

या वादातही ज्यांचं नाव कुणी घेत नाही, असा एक माणूस मला आठवतो. हॅरी बक. हा अमेरिकन क्रीडाशिक्षक वायएमसीएच्या कामासाठी आला आणि १९२० मध्ये मद्रासला त्याने शारीरिक शिक्षणाचं विद्यालय सुरू केलं. बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल हे दोन्ही खेळ वायएमसीएच्याच शिक्षकांनी शोधलेले, १८९१ आणि १८९५ मध्ये. गंमत म्हणजे दोन्ही त्याच कनेक्टिकट नदीच्या काठच्या गावांत! बकने देशभरच्या शाळांना व्यायामशिक्षक घडवून दिले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय चमूचा तो व्यवस्थापक होता. चेंडू जाळीपलीकडे जाताना खेळाडूची जात-धर्म विचारत नाही. बकनेही विचारला नसावा, म्हणूनच त्याच्या कामावर कुणाचा आक्षेप ऐकू येत नाही.

मी हे तटस्थपणे बोलतो आहे असा दावा करणार नाही. माझ्या नात्यागोत्यातही चाळीस दिवसांसाठी जमातीत जाणारे लोक आहेत. पदरचा खर्च, खांद्यावर बिछाना, मशिदीत मुक्काम. मी स्वतः विद्यार्थिदशेत सेवा दलाच्या छावणीत घमेली उचलली आहेत. तेव्हा तरुण माणूस घर सोडून निघतो त्यामागची ऊर्मी मला परकी नाही. ख्रिस्ती असो, मुसलमान असो, हिंदू असो की समाजवादी, विशी-पंचविशीत माणसाला कुणासाठी तरी झिजावंसं वाटतं. ते वाटणं खरं असतं. त्याची टिंगल करू नये, आणि त्याला मोकाट भाबडेपणानेही सोडू नये.

ती विद्यार्थी चळवळ पहिल्या महायुद्धानंतर ओसरू लागली. युद्धात ख्रिस्ती राष्ट्रांनीच एकमेकांचे गळे चिरलेले पाहून आलेली मुलं विचारू लागली की, आपण दुसऱ्यांना कोणत्या तोंडाने शिकवायचं? १९६९ मध्ये तिचा उरलासुरला वारसाही विसर्जित झाला. रॉबर्ट वाइल्डर ते पाहायला नव्हता. त्याने हिंदुस्थानात विद्यार्थ्यांमध्ये काम केलं, पुढे कैरोत काही वर्षं काढली आणि १९३८ मध्ये तो वारला.

आजही जगभरातली तरुण मुलं सुट्टीत परदेशी जातात, तिथल्या मुलांची शिबिरं घेतात, गाणी शिकवतात, भिंती रंगवतात. आपली मराठी मुलंही आता निरनिराळ्या संस्थांतर्फे बाहेर जाऊ लागली आहेत. कुणाचा मुलगा, कुणाची नात उद्या अशी निघाली, तर तिला अडवू नका. फक्त तिला वाइल्डरसाहेब आणि कार्पेंटरबाई या दोघांची गोष्ट सांगा. दोघं एकाच देशाचे, एकाच धर्माचे, दोघांच्याही हाती कोल्हापूरहून आलेली एकच विनंती होती. एकाने अट घातली, दुसरीने दार उघडलं. आपण कुणासारखं व्हायचं, ते तिचं तिला ठरवू द्या.