खेळयंत्रांची नावे आणि व्यापारचिन्हाचा हक्क : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

कोणतीही नवी वस्तू बाजारात येण्यापूर्वी तिचे नाव बाजारात येते. व्हिडिओ गेम खेळण्याच्या यंत्रांबाबत, म्हणजेच 'कन्सोल'बाबत, हे विशेषत्वाने दिसून येते. प्रत्यक्ष विक्रीच्या कितीतरी महिने आधी यंत्राचे नाव जाहीर केले जाते. ही घोषणा एकाच वेळी जगभर पोहोचत असली, तरी त्या नावावरील कायदेशीर हक्क प्रत्येक देशात स्वतंत्रपणे मिळवावा लागतो, कारण व्यापारचिन्हाचा हक्क प्रादेशिक स्वरूपाचा असतो. घोषणा आणि हक्क यांमधील या अंतरातून निर्माण झालेल्या काही वादांचा आढावा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे. नावावर पहिला हक्क कोणाचा – आधी अर्ज करणाऱ्याचा, आधी वापरणाऱ्याचा, की लोक ज्याला त्या नावाने ओळखतात त्याचा – हा या वादांमागील मूलभूत प्रश्न होय.

एक यंत्र, दोन नावे :

जपानमधील सेगा कंपनीने १९८८ मध्ये 'मेगा ड्राइव्ह' हे यंत्र बाजारात आणले. १९८९ मध्ये हेच यंत्र उत्तर अमेरिकेत मात्र 'जेनेसिस' या नावाने विकले गेले. मूळ नावाचे हक्क तेथे मिळू न शकणे हे याचे सर्वसाधारणपणे दिले जाणारे कारण आहे. युरोपात मात्र मूळ नाव कायम राहिले. याच कंपनीच्या 'ड्रीमकास्ट' या यंत्रावरील नारिंगी आवर्ताचे चिन्ह युरोपात निळ्या रंगात वापरावे लागले, कारण टिवोला या जर्मन प्रकाशनसंस्थेचे चिन्ह त्याच्याशी मिळतेजुळते होते. या काळात कंपन्यांनी न्यायालयीन संघर्षापेक्षा तडजोडीचा मार्ग पत्करला. देशपरत्वे वेगळे नाव किंवा वेगळा रंग ठेवणे तेव्हा शक्य होते.

'एक्सबॉक्स'चा वाद :

अमेरिकेतील व्यापारचिन्ह कायद्यात १९८८ मध्ये दुरुस्ती होऊन, प्रत्यक्ष वापर सुरू होण्यापूर्वी केवळ वापराच्या हेतूवर अर्ज करण्याची मुभा मिळाली. त्यामुळे अर्जाच्या तारखेला नवे महत्त्व प्राप्त झाले. फ्लोरिडातील एक्सबॉक्स टेक्नॉलॉजीज या कंपनीने मार्च १९९९ मध्ये 'एक्सबॉक्स' या नावासाठी अर्ज केला होता. मायक्रोसॉफ्टचा अर्ज ऑक्टोबर १९९९ मध्ये दाखल झाला. येथे लहान कंपनी आधी आलेली होती आणि मोठी कंपनी नंतर. २००१ मध्ये उभय पक्षांत समझोता झाला. लहान कंपनीने आपले नाव बदलले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टचे यंत्र त्याच नावाने विक्रीस आले. समझोत्यामुळे वाद मिटला, परंतु मूळ प्रश्नावर न्यायालयाचा निर्णय झाला नाही.

भारतातील 'पीएस५' प्रकरण :

८ ऑक्टोबर २०१९ रोजी सोनीने आपल्या आगामी यंत्राचे नाव 'प्लेस्टेशन ५' असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्याच्या अखेरीस दिल्लीतील एका व्यक्तीने 'पीएस५' या चिन्हासाठी भारतात अर्ज दाखल केला. सोनीचा भारतातील अर्ज फेब्रुवारी २०२० मध्ये, म्हणजे त्यानंतर दाखल झाला. सोनीने दिल्लीतील अर्जाला विरोध नोंदविला आणि २०२० मध्येच तो अर्ज मागे घेण्यात आला. नोव्हेंबर २०२० मध्ये अन्यत्र विक्रीस आलेले हे यंत्र भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी उपलब्ध झाले. या विलंबाचा संबंध वृत्तमाध्यमांनी नावाच्या वादाशी जोडला, तथापि तो सिद्ध झाला नाही.

भारतीय कायद्याची भूमिका :

मुंबईत मुख्यालय असलेल्या व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाचे कामकाज व्यापारचिन्हे अधिनियम, १९९९ नुसार चालते. हा अधिनियम १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. कलम १८ नुसार वापरात असलेल्या चिन्हाबरोबरच वापरण्याचे योजलेल्या चिन्हासाठीही अर्ज करता येतो. कलम २१ नुसार अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून चार महिन्यांत विरोध नोंदविता येतो. कलम ३४ मात्र आधीपासून सातत्याने वापर करणाऱ्याच्या हक्काला संरक्षण देते. अर्थात, नोंदणीची वाट सर्वांना खुली असली, तरी केवळ आधी अर्ज केल्याने हक्क निर्विवाद होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय येथे महत्त्वाचे ठरतात. 'व्हर्लपूल' प्रकरणात (१९९६) परदेशी कंपनीची भारतातील नोंदणी १९७७ मध्येच संपुष्टात आलेली असतानाही सीमेपलीकडून पोहोचलेल्या तिच्या ख्यातीला न्यायालयाने संरक्षण दिले. याउलट, 'प्रियस' प्रकरणात (२०१७) टोयोटाला अपयश आले. भारतीय प्रतिवादी २००१ पासून हे नाव वापरीत होता आणि त्या वेळी टोयोटाच्या 'प्रियस'ची भारतात पुरेशी ख्याती होती, हे सिद्ध होऊ शकले नाही. जागतिक कीर्ती पुरेशी नाही, तर ती संबंधित काळात भारतीय ग्राहकांपर्यंत पोहोचलेली असली पाहिजे, असे तत्त्व या निर्णयातून स्पष्ट झाले.

या निकषावर सोनीची बाजू भक्कम होती. 'प्लेस्टेशन २'साठी 'हनुमान : बॉय वॉरियर' हा भारतात तयार झालेला खेळ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि 'प्लेस्टेशन ४' जानेवारी २०१४ पासून भारतात विकले जात होते. दोन, तीन, चार या क्रमानंतर पाच हा आकडा कोणाकडे निर्देश करतो, हे ग्राहकाला सांगावे लागत नव्हते. तथापि, अर्ज मागे घेतला गेल्याने या युक्तिवादाची कसोटी लागली नाही.

निष्कर्ष :

'एक्सबॉक्स' आणि 'पीएस५' या दोन्ही प्रकरणांत मोठ्या कंपनीचा अर्ज नंतर आला आणि नाव अखेर तिच्याकडेच राहिले. वरवर पाहता दोन्ही घटना सारख्या वाटतात, परंतु त्यांत मूलभूत फरक आहे. पहिल्या प्रकरणात लहान कंपनीचा अर्ज मोठ्या कंपनीच्या नावाला प्रसिद्धी मिळण्यापूर्वीचा होता. दुसऱ्या प्रकरणात अर्ज घोषणेनंतरचा होता. हा फरक न करता केवळ अर्जाची तारीख पाहिली, तर घोषणा ऐकून धावणाऱ्याला लाभ होईल आणि केवळ कंपनीची कीर्ती पाहिली, तर प्रामाणिक लहान व्यावसायिकाचे नाव हिरावले जाईल. म्हणून प्रामाणिक पूर्ववापर आणि स्थानिक ख्याती हेच निकष न्याय्य ठरतात.

सोनीने २०१९ मध्येच जपानमध्ये 'पीएस६' ते 'पीएस१०' या नावांसाठी अर्ज केल्याचे वृत्त आले होते. हे सावधपणाचे असले, तरी अस्तित्वात नसलेल्या यंत्रांची नावे अडवून ठेवण्याचा धोकाही त्यात आहे. भारतीय अधिनियमाच्या कलम ४७ नुसार सलग पाच वर्षे न वापरलेले चिन्ह नोंदवहीतून काढून टाकण्याची मागणी करता येते. ही तरतूद लहानमोठ्या सर्वांना सारखीच लागू होते, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे.