आपल्या दारची सदाफुली



जोतिबाच्या डोंगरावर चैत्री पौर्णिमेस जो एकदां गेला असेल, त्याच्या स्मरणांत तीन गोष्टी कायमच्या राहतात : आभाळाला भिडणाऱ्या सासनकाठ्या, अंगभर उधळलेला गुलाल आणि देवाला वाहिलेल्या दवण्याचा सुवास. राणोजी शिंद्यांनीं १७३० सालीं बांधविलेल्या तेथील देवळाविषयीं आणि त्या यात्रेविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें व बोललें गेलें आहे. मला आज बोलावयाचें आहे तें त्याच वाडी रत्नागिरीच्या उंबऱ्याउंबऱ्याशीं, पत्र्याच्या डब्यांत, फुटक्या घागरींत, दगडांच्या सांध्यांतसुद्धां उभ्या असलेल्या एका झुडपाविषयीं. त्याला सुवास नाहीं, आणि त्याला पाणी घातल्याचें बहुधा कोणाला आठवतही नाहीं. तें झुडूप म्हणजे सदाफुली.

ही सदाफुली आपल्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, ती परदेशची आहे असें म्हटलें तर वडील मंडळी हसतात. गोरखचिंचेचें अवाढव्य खोड पाहिलें म्हणजे हें झाड इकडचें नव्हे अशी शंका तरी येते. सदाफुलीविषयीं तीही येत नाहीं. परंतु तिचें माहेर आहे आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यापलीकडचें मादागास्कर बेट. आपला लाडका गुलमोहरही त्याच बेटाचा. सदाफुलीच्या कुळींतील एक सोडून बाकी सर्व जाती तेथल्याच होत. ती एक जात तेवढी हिंदुस्थानची व श्रीलंकेची. इवल्या पांढऱ्या फुलांची आणि थोडक्याच दिवसांचें आयुष्य असलेली ही धाकटी बहीण शेताच्या कडेला उगवते, आणि तण म्हणून उपटली जाते. परकी बहीण कुंडींत आणि घरची बहीण उकिरड्यावर, असा हा न्याय आहे !

युरोपांत सदाफुली पोंचली ती अठराव्या शतकांत. मादागास्करहून तिचें बीं पॅरिसच्या राजोद्यानांत आलें, आणि तेथून लंडनजवळच्या चेल्सी येथील औषधी वनस्पतींच्या बागेंत फिलिप मिलर या नामांकित माळ्याच्या हातीं पडलें. १७५९ सालीं लिनियसनें तिला ‘व्हिंका रोझिया’ असें नांव दिलें. पुढें १८३७ सालीं जॉर्ज डॉन यानें तिची कुळी वेगळी काढून तिला ‘कॅथरँथस’ म्हटलें. या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘निर्मळ फूल’ असा आहे. बागांच्या आणि जहाजांच्या वाटेनें ती सगळ्या उष्ण प्रदेशांत पसरली; आणि जेथें गेली तेथें, कोणी न लावतां, आपलें आपण बीं सांडून राहिली.

येथें एका गैरसमजाचा उलगडा करावयास हवा. सदाफुली ही आयुर्वेदांतील प्राचीन वनस्पती आहे असें पुष्कळांकडून ऐकावयास मिळतें, आणि पुराव्यादाखल ‘सदापुष्प’ हा शब्द पुढें केला जातो. परंतु भावप्रकाशांत हें नांव पांढऱ्या रुईचें म्हणून आलें आहे. नांवांच्या सारखेपणावरून वस्तूंचें एकपण ठरवूं नये, हें वर्गांत शब्दार्थ शिकवितांना आम्ही मास्तर लोक नेहमीं सांगत असूं. वनस्पतींच्या बाबतींत तर तें शतपट खरें आहे.

मग सदाफुलीला औषधी म्हणून एवढी ख्याती कोठून मिळाली ? जमेका, फिलिपाईन्स, दक्षिण आफ्रिका अशा एकमेकांपासून हजारों कोस दूर असलेल्या देशांत तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेतला जात असे. आपल्याकडेही तीच समजूत आहे. ही समजूत कितपत खरी, हें पाहावयास निघालेल्या माणसांना भलतेंच कांहीं सांपडलें, आणि तीच या झुडपाची खरी कथा आहे.

कॅनडांत क्लार्क नोबल नांवाचे एक डॉक्टर होते. १९२१ सालीं टोरांटो येथें बँटिंग यांच्या हाताखालीं इन्शुलिनच्या प्रयोगांत प्रथम कोणीं काम करावें याविषयीं बेस्ट आणि नोबल या दोन विद्यार्थ्यांनीं नाणें उडविलें, आणि कौल बेस्ट यांच्या बाजूनें पडला. इन्शुलिनबरोबर बेस्ट यांचें नांव जगभर झालें. नोबल मागें राहिले. या क्लार्क नोबल यांच्याकडे १९५२ सालीं जमेकांतील एका डॉक्टराकडून एक पाकीट आलें. त्यांत सदाफुलीचीं पंचवीस पानें होतीं, आणि तेथील लोक मधुमेहावर यांचा काढा घेतात असा मजकूर होता. क्लार्क यांनीं तीं पानें आपले बंधु रॉबर्ट नोबल यांच्याकडे पाठविलीं. रॉबर्ट हे वेस्टर्न आँटॅरिओ विद्यापीठांत संशोधन करीत असत.

त्यांनीं पानांचा अर्क उंदरांना पाजला. रक्तांतील साखर जागची हलली नाहीं. दुसरा कोणी असता तर पाकीट टोपलींत टाकून मोकळा झाला असता. नोबल यांनीं तोच अर्क टोचून पाहिला, तों उंदीर आठवडाभरांतच मरूं लागले. मरण्याचें कारण साखर नव्हे, तर अंगभर झालेले पू धरणारे फोड! याचा अर्थ असा कीं, रोगजंतूंशीं झुंजणाऱ्या रक्तांतील पांढऱ्या पेशीच नाहींशा झाल्या होत्या, आणि त्या जेथें तयार होतात ती हाडांतील मज्जा करपून गेली होती. रॉबर्ट नोबल यांच्या डोक्यांत उलट प्रश्न उभा राहिला. ज्या रोगांत पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, त्या रोगावर हें विष चालेल काय ? चार्ल्स बीअर या रसायनशास्त्रज्ञाच्या साह्यानें त्यांनीं तें विष शुद्ध रूपांत वेगळें काढलें आणि १९५८ सालीं जाहीर केलें. तेंच व्हिन्ब्लास्टिन. त्याच सुमारास अमेरिकेंतील एली लिली या कंपनीचे शास्त्रज्ञही मधुमेहाच्याच शोधांत या झुडपापाशीं येऊन पोंचले होते. त्यांच्या हातीं त्याचें भावंड व्हिन्क्रिस्टिन लागलें, आणि १९६३ सालीं तें अमेरिकेंत औषध म्हणून मान्य झालें. पेशी दुभंगून तिच्या दोन होण्याच्या वेळीं आंतील जे सूक्ष्म तंतू जुळावे लागतात, ते हीं द्रव्यें जुळूं देत नाहींत; म्हणून भराभर वाढणाऱ्या पेशींवर त्यांचा घाव प्रथम बसतो.

१९६० च्या सुमारास रक्ताचा तीव्र कर्करोग झालेल्या शंभर मुलांपैकीं दहासुद्धां वांचत नसत. आज सुसज्ज रुग्णालयांत त्याच रोगाच्या सर्वसाधारण प्रकारांत नव्वदांच्या आसपास वांचतात. हें श्रेय एकट्या सदाफुलीचें नव्हे. अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धत डॉक्टरांनीं घासूनपुसून तयार केली आहे. परंतु त्या औषधांत व्हिन्क्रिस्टिनचें स्थान अजून सुटलेलें नाहीं. आणि तें थोडकेंसें मिळावयासही फार मोठ्या प्रमाणावर वाळलेलीं पानें लागतात ! तमिळनाडूंत या पिकाची शेती होते, आणि लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेनें तिचे ‘निर्मल’ आणि ‘धवल’ असे वाणही काढले आहेत.

या व्यवहारांत मादागास्करला काय मिळालें ? जवळजवळ कांहींच नाहीं. नोबल यांच्या हातचीं पानें जमेकांतलीं होतीं, बीं बाहेर जाऊन दोनशें वर्षें लोटलीं होतीं, हा युक्तिवाद कायद्याला पुरेसा वाटेल. मला तो पुरेसा वाटत नाहीं. एखाद्या देशाच्या वनस्पतींवर त्या देशाचा हक्क असतो हें तत्त्व राष्ट्रांनीं मान्य केलें तें १९९२ च्या जैवविविधता करारांत, आणि आपल्याकडे त्यासंबंधीं कायदा झाला तो २००२ सालीं. सदाफुलीला दोन्ही उशिराच आले.

आतां आपल्या घरांकडे वळूं. सकाळीं फिरावयास जाणारी कित्येक शहाणीसुरती माणसें कुंपणावरचीं चारसहा पानें किंवा फुलें तोडून चघळतांना मीं पाहिलीं आहेत. “साखरेला चांगलें” असें म्हणतात, आणि कांहीं जण तर त्या भरंवशावर डॉक्टरांची गोळी बंद करतात. पुढील काळांत कांहीं अर्कांनीं जनावरांची साखर उतरल्याचे प्रयोग झाले आहेत, हें खरें. परंतु कोणत्या पानांत काय किती आहे हें डोळ्यांनीं कळत नाहीं. साखर कमी करणारें द्रव्य असेल तर तेंही आणि मज्जा करपविणारें विष तेंही, दोन्ही त्याच पानांत आहेत. पेशींवर घाव घालणारें व्हिन्क्रिस्टिन डॉक्टर मोजून, शिरेंतून आणि रक्ताची तपासणी करीत करीत देतात. आपण तेंच झुडूप उभ्या उभ्या चघळतों! गुरें आणि शेळ्या सदाफुलीला तोंड लावीत नाहींत, त्यांना हें आपल्याहून लवकर समजलें असावें. घरांत रांगतीं मुलें असतील तर कुंडी त्यांच्या हाताला लागणार नाहीं अशी ठेवावी, आणि छाटणी केल्यावर हात धुवावे.

लावण्यास मात्र हिच्याइतकी सोपी दुसरी नाहीं. जोतिबावरच्यासारखी मुरमाड, पाणी धरून न ठेवणारी जमीन आणि दिवसभराचें ऊन एवढें तिला पुरतें. शेणखत फार घातलें तर पानेंच माजतात. तिचा खरा शत्रु म्हणजे साचलेलें पाणी. आषाढांत डोंगरावर चार दिवस झड लागली कीं खोड जमिनीलगत काळें पडतें आणि शेंडे एकदम मान टाकतात. तें पाहून लोक आणखी पाणी ओततात, आणि झुडूप मरतें. म्हणून कुंडीचें भोंक मोकळें ठेवावें, तळाशीं खापऱ्या घालाव्या आणि मोठ्या पावसांत कुंडी पडवींत घ्यावी. फुलांच्या मागें जोडीनें येणाऱ्या बारीक शेंगा पिवळसर होतांच तोडाव्या, नाहीं तर उकलून बीं सांडतें. तें काळें बीं फाल्गुनांत पेरून वर मातीचा पातळ थर द्यावा, कारण तें अंधारांत चांगलें रुजतें. रोप वितीएवढें झालें म्हणजे शेंडा खुडावा. दोनतीन वर्षांनीं खोड लाकडासारखें होऊन खालून उघडें पडतें. अशीं झुडपें पाऊस उघडल्यावर वीतभर राखून छाटावीं, आणि निरोगी शेंड्यांच्या कलमांनीं नवीं रोपें करावीं.