हिप्पी : तेराव्यानंतरचे आयुष्य

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या हेट-अ‍ॅशबरी भागातून ६ ऑक्टोबर १९६७ रोजी एक विलक्षण अंत्ययात्रा निघाली. शवपेटीत मृतदेह नव्हता. होत्या त्या मण्यांच्या माळा आणि हिप्पी वेशाची ओळख बनलेल्या अशाच काही वस्तू. 'हिप्पी मरण पावला' असे जाहीर करणारे हे लोक त्याच वस्तीतले होते. त्यांनी वाटलेल्या शोकपत्रिकेत मृताचा उल्लेख प्रसारमाध्यमांचा पुत्र असा केलेला होता. लांब केस, फुले आणि गिटार एवढ्यावरच आज जी चळवळ ओळखली जाते, तिने आपले तेरावे आपणच घातले होते.

'हिप्पी' हा शब्दही वृत्तपत्रांचीच देणगी. पन्नासच्या दशकातील 'बीट' लेखक-कवींच्या वर्तुळात 'हिप' हे विशेषण रुळलेले होते. सप्टेंबर १९६५ मध्ये 'सॅन फ्रान्सिस्को एक्झॅमिनर'चे बातमीदार मायकेल फॅलन यांनी हेट-अ‍ॅशबरीतील तरुणांविषयी लिहिताना 'हिप्पी' हा शब्द वापरला आणि पुढे तो सर्वतोमुखी झाला. या भागातील जुनी, प्रशस्त लाकडी घरे तेव्हा कमी भाड्यात मिळत. व्हिएतनाम युद्ध, सक्तीची लष्करभरती आणि आईवडिलांनी आखून दिलेले सुखवस्तू आयुष्य या सर्वांकडे पाठ फिरवलेली मध्यमवर्गीय मुले तेथे एकत्र राहू लागली.

या वस्तीची ओळख देशाला झाली ती १४ जानेवारी १९६७ रोजी गोल्डन गेट पार्कमध्ये भरलेल्या 'ह्युमन बी-इन' या मेळाव्यामुळे. वीस हजारांहून अधिक लोक जमले. टिमोथी लिअरी यांचे भाषण झाले, 'ग्रेटफुल डेड' व 'जेफर्सन एअरप्लेन' ही वाद्यवृंद मंडळी विनामूल्य वाजवून गेली. मेळाव्याच्या एका भित्तिपत्रकावर तिसरा डोळा असलेला भारतीय साधू झळकला होता. फेब्रुवारी १९६२ मध्ये जहाजाने मुंबईत उतरून वर्षभराहून अधिक काळ भारतात राहिलेले कवी अ‍ॅलन गिन्सबर्ग यांनी व्यासपीठावरून मंत्रपठण केले. भारताविषयीचे हे आकर्षण बहुतांशी चित्रातले होते. तरीही पुढील दहा वर्षे हजारो तरुणांना पूर्वेची वाट धरायला ते पुरेसे ठरले.

या काळातील सर्वांत महत्त्वाचे काम मात्र व्यासपीठावर झाले नाही. 'डिगर्स' या गटाने १९६६ पासून बागेलगतच्या हिरवळीवर येईल त्याला फुकट जेवण द्यायला सुरुवात केली. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये सामायिक जमीन कसू पाहणाऱ्या शेतकरी बंडखोरांचे नाव त्यांनी घेतले होते. त्यांच्या दुकानातील कोणत्याही वस्तूला किंमत नव्हती. हवे ते न्यावे, नको ते आणून ठेवावे. नाटकवाल्या तरुणांचा हा उपद्व्याप होता खरा (पुढे चित्रपट अभिनेता म्हणून नाव मिळवलेले पीटर कोयोटी हे त्यांतलेच). पण पैशाशिवाय व्यवहार चालू शकतो का, हा प्रश्न त्यांनी भाषणाऐवजी रस्सा शिजवून विचारला. ७ जून १९६७ रोजी डॉ. डेव्हिड स्मिथ यांनी याच वस्तीत मोफत दवाखाना उघडला. उपचार हा हक्क आहे, ही त्यामागची भूमिका. अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्यांना तेथे गुन्हेगार न समजता रुग्ण समजले जाई.

दवाखान्याची निकड लवकरच पटली. मे १९६७ मध्ये केसात फुले माळून सॅन फ्रान्सिस्कोला येण्याचे आवतण देणारे, जॉन फिलिप्स यांनी रचलेले आणि स्कॉट मॅकेन्झी यांनी गायलेले गीत बाजारात आले. माँटेरे येथे जूनमध्ये होणाऱ्या संगीत महोत्सवाची जाहिरात हा त्याचा एक हेतू होता. (याच महोत्सवात पंडित रविशंकर यांच्या सतारीने आणि उस्ताद अल्लारखाँ यांच्या तबल्याने अमेरिकी तरुणांना वेड लावले.) 'टाइम' साप्ताहिकाने जुलैत हिप्पींवर मुखपृष्ठकथा केली. तत्पूर्वीच एका बस कंपनीने पर्यटकांना हिप्पी दाखवण्याच्या फेऱ्या सुरू केल्या होत्या. बसच्या खिडक्यांसमोर आरसे धरून वस्तीतील मुलांनी त्यांना उत्तर दिले. त्या उन्हाळ्यात आलेल्यांची संख्या पाऊण ते एक लाख सांगितली जाते. त्यांत घरातून पळालेली शाळकरी मुलेही होती. राहायला जागा नाही, पोटात अन्न नाही, हाताशी एलएसडी आणि त्याहून घातक द्रव्ये. पाच वर्षांच्या मुलीला एलएसडी दिले गेल्याची नोंद लेखिका जोन डिडियन यांनी त्याच वर्षी करून ठेवली आहे. ऑगस्टमध्ये आलेले 'बीटल्स'चे जॉर्ज हॅरिसन हे दृश्य पाहून निराश होऊन परतले. कॅलिफोर्नियात एलएसडीवर बंदी आली त्याला ६ ऑक्टोबर रोजी बरोबर एक वर्ष होत होते. त्याच दिवशी अंत्ययात्रा काढून वस्तीने देशाला कळवले, की आता येथे येऊ नका.

हे कोणी ऐकले नाही. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या रंगमंचावर 'हेअर' हे हिप्पींवरील संगीत नाटक आले आणि १९६८ मध्ये ब्रॉडवेवर जाऊन तेथे त्याचे १,७५० प्रयोग झाले. 'वुडस्टॉक'ची कथा तर अधिकच बोलकी आहे. ऑगस्ट १९६९ मध्ये बेथेल गावच्या मॅक्स यास्गर यांच्या कुरणावर सुमारे चार लाख लोक जमले. तीन दिवसांचे आगाऊ तिकीट १८ डॉलर होते. कुंपण वेळेत उभे न राहिल्याने महोत्सव फुकट झाला आणि संयोजक कर्जात बुडाले. त्यांना हात दिला तो १९७० मधील चित्रपटाने आणि ध्वनिमुद्रिकांनी. म्हणजे प्रत्यक्ष घटना बाजाराच्या हातून निसटली, तिची प्रतिमा मात्र विकली गेली. १९७१ मध्ये कोका-कोलाने इटलीतील एका टेकडीवर नाना देशांचे तरुण उभे करून विश्वबंधुत्वाचे गाणे म्हणवून घेतले. तीस वर्षांनी, १९९९ मध्ये, वुडस्टॉकच्या नावाने भरलेल्या महोत्सवात पाण्याची बाटली चार डॉलरला होती. शेवट जाळपोळीत झाला.

सगळेच विकले गेले असे नाही. स्टुअर्ट ब्रँड यांनी १९६८ मध्ये काढलेल्या 'होल अर्थ कॅटलॉग'मध्ये कम्यूनमध्ये राहणाऱ्यांसाठी अवजारे, पुस्तके आणि यंत्रे यांची माहिती असे. संगणक घडवू पाहणाऱ्या पिढीने तो जपून वाचला. २००५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील भाषणात स्टीव्ह जॉब्स यांनी त्याची आठवण काढली. हेट-अ‍ॅशबरीतील दवाखान्याने १९७३ पासून रॉक मैफलींच्या ठिकाणी वैद्यकीय पथके पाठवली. त्यावर नाटक वा गाणे कोणी केले नाही.

आपल्याकडेही निवड अशीच झाली. काठमांडूतील हिप्पींमध्ये हरवलेल्या बहिणीला शोधणाऱ्या भावाची गोष्ट देव आनंद यांनी १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा'मध्ये सांगितली. चित्रपट नशेविरुद्ध होता, बहीण अखेर आत्महत्या करते. लोकांच्या ओठांवर राहिले ते झीनत अमान यांच्यावर चित्रित झालेले, आशा भोसले यांनी गायलेले 'दम मारो दम'. इस्तंबूल, तेहरान, काबूलमार्गे भारतात येणारा खुष्कीचा रस्ता १९७९ मधील इराणची क्रांती आणि अफगाणिस्तानातील सोव्हिएत आक्रमण यांमुळे बंद पडला. तोवर गोव्यात कळंगुट आणि हणजूणच्या किनाऱ्यांवर या पाहुण्यांनी बस्तान बसवले होते. पैसे संपले की घड्याळे, कपडे, कॅमेरे एकमेकांना विकून परतीची सोय करायची, यातून हणजूणचा बुधवारचा बाजार उभा राहिला. पुढे तेथे काश्मिरी व्यापारी आणि कर्नाटकातील लमाणी स्त्रिया गालिचे, दागिने आणि भरतकाम घेऊन बसू लागल्या आणि हिप्पींच्या पद्धतीचे कपडे विकत घेणारे गिऱ्हाईक मुंबई-पुण्याहून येऊ लागले.