कौशल्य-चाचणीतील अपयश (भूमिकाखेळ)

मेजावरच्या भूमिकाखेळांत पात्राची कृती जमली की फसली हे बहुधा फासे ठरवतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या तिसऱ्या आवृत्तीत (२०००) वीस बाजूंच्या फाशाच्या दानात कौशल्याचे गुण मिळवून बेरीज ठरलेल्या काठिण्यांकाशी ताडतात. बेरीज कमी पडली की, समजा, दाराचे कुलूप उघडत नाही. पुढची वाट त्याच दारातून असेल तर खेळच अडून बसतो. व्हिन्सेंट बेकर यांच्या 'अपॉकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये (२०१०) दोन फाशांची गुणांसह बेरीज ७ ते ९ आल्यास काम होते, पण किंमत मोजून: कुलूप निघते, मात्र खडखडाटाने पहारेकरी जागा होतो. ६ किंवा त्याहून कमी आल्यास खेळ चालवणारा सूत्रधार नवे संकट उभे करतो. रॉबिन लॉझ यांच्या 'गमशू' पद्धतीत तपासाचे कळीचे धागे फासे न टाकताच मिळतात. रहस्यकथेपुरता हाच उपाय सरस.