रक्तस्राव व जखमा : प्रथमोपचार

त्वचा व तिच्याखालील ऊतके फाटली म्हणजे जखम होते आणि त्यात रक्तवाहिनी सापडली की रक्तस्राव सुरू होतो. रोहिणीतून (धमनीतून) येणारे रक्त लालभडक असून नाडीच्या ठोक्यासरशी उसळते, नीलेतून येणारे काळपट असून संथ वाहते, तर खरचटल्यावर केशवाहिन्यांतून ते नुसते पाझरते. प्रौढाच्या शरीरात रक्त जेमतेम ५ लिटर असल्याने मोठी रोहिणी तुटल्यास काही मिनिटांतच प्राणावर बेतते. मुख्य उपाय एकच : स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून ती तळहाताने घट्ट दाबणे. रक्त साकळण्यास वेळ लागत असल्याने हा दाब निदान १० मिनिटे अखंड ठेवतात. मधेच कापड उचलून पाहिले की नुकतीच धरलेली गुठळी निघून येते. कापड भिजल्यास त्यावरच दुसरे ठेवतात. रुतलेली काच वा सळई उपसत नाहीत, कारण फाटलेली वाहिनी तिनेच बुजलेली असू शकते. हातापायाचा रक्तस्राव दाबूनही न थांबल्यास जखमेच्या वरच्या अंगाला, सांधा टाळून, रुंद पट्टा आवळतात व आवळल्याची वेळ लिहून ठेवतात.

पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात, विशेषतः संक्रांतीच्या आगेमागे, पुलांवर आडवा आलेला नायलॉन मांजा स्वारांचे गळे चिरतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातल्यानंतरही २०१८ साली पुणे परिसरात अशा जखमांनी मृत्यू झाले. गळ्याला पट्टा आवळता येत नाही, कारण श्वास कोंडतो. म्हणून श्वासनलिका मोकळी ठेवून जखमेच्या जागीच दाब देत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी लागते. सद्भावनेने मदत करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातील कलम १३४ अ चे संरक्षण आहे.

घरोघरी जखमेत हळद चेपण्याची रीत आहे. हळदीच्या जखम भरून आणण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या हरकतीवरून १९९७ मध्ये रद्द झाले. मात्र तो निर्णय हे ज्ञान जुने असल्याबद्दलचा होता, वाहत्या जखमेत पूड भरावी असे त्यावरून ठरत नाही. खोल जखमेत ती भरल्यास पुढे शल्यचिकित्सकाला आधी तीच धुऊन काढावी लागते. किरकोळ जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली धुणे पुरते. माती लागलेल्या वा खोल जखमेनंतर धनुर्वातप्रतिबंधक इंजेक्शनाची गरज वैद्याकडून तपासून घेतात.