कर्णधार हवा होता, पण कोणता? पालवणकर बंधू आणि हिंदू संघ

१/
धुळ्यात गल्लीचा संघ निवडायचा असो की अमेरिकेतला व्यावसायिक फुटबॉल संघ, वाद एकाच प्रश्नावर पेटतो: सूत्रे कोणाच्या हाती द्यायची? अमेरिकन फुटबॉलमध्ये हे स्थान क्वार्टरबॅकचे. डावाच्या आरंभी चेंडू त्याच्या हाती येतो आणि उरलेले दहा जण त्याच्या इशाऱ्यावर धावतात. क्रिकेटमध्ये हा अधिकार कर्णधाराचा. मुंबईच्या हिंदू संघाने विसाव्या शतकाच्या आरंभी आपला कर्णधार कसा शोधला, त्याचा हा इतिहास.

२/
पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाडला, चर्मकार कुटुंबात झाला. पुण्यात युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये ते मैदानाची निगा राखत आणि सरावासाठी गोलंदाजी करत. ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज त्यांच्याच चेंडूंवर सराव करी. तासन्‌तास टाकलेल्या त्या चेंडूंनी बाळूंची डावखुरी फिरकी घडली. फलंदाजीची संधी मात्र त्यांना तेथे मिळाली नाही.

३/
पुण्यातील हिंदू खेळाडूंना युरोपियनांना हरवायचे होते. त्यासाठी हा गोलंदाज हवाच होता. म्हणून त्यांनी बाळूंना संघात घेतले. मैदानावर सारे एकच चेंडू हाताळत, पण चहाच्या वेळी बाळूंना मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. पुढे ते मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले.

४/
मुंबईतील मोठे सामने तेव्हा धर्मवार संघांमध्ये होत. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या संघात बाळूंबरोबर त्यांचे धाकटे बंधू शिवराम हेही होते. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी सामान्य राहिली, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले.

५/
एवढ्या कर्तृत्वानंतरही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. कारण समजणे अवघड नाही. बळी घेणे हे कौशल्य आहे. संघाला त्याची गरज असते आणि गरजेपुढे विटाळ थोडा मागे सरकतो. कर्णधार मात्र आज्ञा देतो. अस्पृश्य मानलेल्या माणसाची आज्ञा सवर्णांनी पाळायची, ही कल्पनाच निवड समितीला पेलवत नव्हती. खुद्द कर्णधार एम. डी. पै यांनी मात्र हा मान ज्येष्ठतेने बाळूंचा असल्याचे जाहीरपणे सांगितले होते.

६/
१९२० साली प्रश्न ऐरणीवर आला. पै आजारी असल्याने पहिल्या सामन्यासाठी नवा कर्णधार नेमायचा होता. बाळूंना संघातूनच वगळण्यात आले होते. त्यांचे बंधू विठ्ठल हे उत्तम फलंदाज आणि अनुभवाने ज्येष्ठ. तरी निवड झाली पुण्याच्या दि. ब. देवधरांची. देवधर मोठे फलंदाज होते, यात शंका नाही. पण ज्येष्ठतेचा निकष येथे अचानक अदृश्य झाला होता. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि जातीमुळे डावलले जात असल्याचा आक्षेप वृत्तपत्रातून जाहीरपणे मांडला.

७/
काळही बदलत होता. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावला राजर्षी शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर यांच्या उपस्थितीत बहिष्कृतांची परिषद भरली होती. डिसेंबरात नागपूर काँग्रेसने अस्पृश्यता निवारणाचे आवाहन केले. लोकमताच्या दबावापुढे निवडकर्ते नमले. अंतिम सामन्यात तिन्ही बंधू खेळले, बाळू उपकर्णधार होते. पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ हिंदू संघाने बाळूंच्या आज्ञेने क्षेत्ररक्षण केले.

८/
१९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि त्याच वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली. ‘सवर्ण खेळाडू ऐकणार नाहीत’ ही भीती पहिल्याच कसोटीत खोटी ठरली. बाळू तोवर निवृत्तीच्या वयाला पोहोचले होते. त्यांच्या वाट्याला तो मान आलाच नाही.

९/
अमेरिकेतही असेच घडले. कृष्णवर्णीय खेळाडूंना धावपटू किंवा झेल घेणारे म्हणून संघात सहज जागा मिळे. क्वार्टरबॅक म्हणून मात्र ‘नेतृत्वगुण नाहीत’ असे सांगून नाकारले जाई. १९६८ साली डेन्व्हरच्या मार्लिन ब्रिस्को यांनी या जागी चमक दाखवली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या संघात त्यांना झेल घेणाऱ्याची जागा देण्यात आली. १९८८ साली डग विल्यम्स यांनी वॉशिंग्टनला सुपर बोल जिंकून दिला, तेव्हा त्या युक्तिवादाचा आधार सुटला.

१०/
म्हणून संघाने सूत्रधार शोधताना निकष आधी ठरवावेत आणि नाव नंतर घ्यावे. नाव पाहून निकष बदलले, तर ती निवड राहत नाही. ‘नेतृत्व’ हा शब्द मोजता येत नसल्याने पूर्वग्रह त्याच्याच आड लपतो. त्यावरचा उपाय म्हणजे प्रत्यक्ष संधी देऊन पाहणे. आणि यादीत कोण आहे याबरोबरच, रोज सरावाला चेंडू टाकूनही यादीत कोण नाही, हेही विचारावे. हिंदू संघाला हा प्रश्न स्वतःला विचारायला फार उशीर झाला. त्या उशिराची किंमत संघापेक्षा बाळूंनी अधिक मोजली.