ओटा गेला, कुत्रं कुठे गेलं?

सारंगखेड्याची यात्रा म्हटलं की सगळ्यांना आठवतात ते घोडे. शहादा तालुक्यात, तापीकाठी, दत्तजयंतीला भरणारा घोड्यांचा बाजार. पण मंडळी, यात्रा ज्या दत्ताची आहे त्याच्या तसबिरीत घोडा नसतोच, असतात ती चार कुत्री. चार वेद म्हणून आपण त्यांना नमस्कार करतो, आणि तसबीर टांगलेल्या खोलीत खरं कुत्रं शिरलं की "हाड्!" करून हाकलतो.

हे ढोंग आहे असं म्हणणारे बरेच भेटतात. मला तसं वाटत नाही. जुन्या घरात कुत्र्याची जागा ठरलेली होती, आणि ती धड आतही नव्हती, धड बाहेरही नव्हती.

वैश्वदेवात कुत्र्याच्या नावाने अन्न काढायचे, पण ते ठेवायचे जमिनीवर, घराबाहेर. हक्क होता, प्रवेश नव्हता. आमच्या खान्देशात त्याचं साधं रूप म्हणजे कुत्र्याची भाकरी. ती ओट्यावरून टाकायची. ओटा म्हणजे दार आणि गल्ली यांच्या मधली जागा. दिवसा तिथे म्हातारी माणसं बसणार, रात्री कुत्रं. उंबरा ओलांडला तर मार, पण ओट्यावरून कुणी उठवणार नाही. मालक कोण? त्या गल्लीतली चार घरं मिळून! सिस्टिमच्या भाषेत सांगायचं तर शेअर्ड रिसोर्स. :-)

वर सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे गेलात तर हा उंबऱ्याचा हिशोबही सैल होतो. भिल्ल-पावरा वस्तीत घरं एकमेकांना चिकटलेली नसतात, ज्याचं घर त्याच्या शेतात. कुडाच्या एकाच छपराखाली एका बाजूला माणसं, एका बाजूला गुरं-शेळ्या. बैल जिथे आत झोपतो तिथे कुत्रं आत की बाहेर, या प्रश्नाला अर्थच उरत नाही. कुत्रं राखणीला, शेताला, आणि पूर्वी शिकारीलाही. कामावरून जागा ठरते, लाडावरून नाही.

(लाडाची उदाहरणं नव्हती असं नाही. सातारच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला आहे. त्याला पालखीचा मान होता असं सांगतात. पण तो राजाचा कुत्रा. त्यावरून रयतेची पद्धत ठरत नाही.)

मग हे मधलं कुत्रं अडचणीचं कधी झालं? माझ्या मते शहरात, आणि कंपनी सरकारच्या काळात. मुंबईत मोकाट कुत्री मारायला पोलिसांना कुत्र्यामागे आठ आणे मिळायचे. आठ आणे मिळणार म्हटल्यावर कोण विचारतो हे कुणाच्या दारातलं आहे ते! पाळलेली कुत्रीही उचलतात अशी तक्रार झाली. पारशी धर्मात कुत्र्याला मोठं स्थान, त्यामुळे जून १८३२ मध्ये पारशी रस्त्यावर उतरले, दंगल झाली, बाजार बंद पडला. सरकारच्या वहीत दोनच रकाने होते, मालकीचं आणि बेवारशी. गल्लीचं कुत्रं कुठल्याच रकान्यात बसेना.

पुढे घरंच बदलली. वाडे पाडून फ्लॅट झाले. फ्लॅटला दार आहे, ओटा नाही. दाराबाहेर लॉबी, आणि लॉबीत काय ठेवायचं ते सोसायटी ठरवणार. म्हणजे कुत्र्याला दोनच पर्याय : सोफा किंवा रस्ता. २००३ साली हचच्या जाहिरातीत एक चपट्या नाकाचा पग मुलाच्या मागेमागे धावला आणि टू बीएचकेत मावेल असं कुत्रं मध्यमवर्गाला सापडलं. आपण अचानक दयाळू झालो म्हणून कुत्रं आत आलं, हे मला पटत नाही. मधली जागा संपली म्हणून आलं. आणि जे आत आलं नाही त्याला आपण 'भटकं' म्हणू लागलो.

बाहेर राहण्याची किंमत आमच्या जिल्ह्यात डोळ्यांना दिसते. तळोदा-शहाद्याकडे उसात बिबट्या असतो, आणि दारातलं कुत्रं हे त्याचं सोपं खाणं. नगर जिल्ह्यातल्या अकोल्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तर वजनाच्या हिशोबाने त्याच्या खाण्यात ३९ टक्के कुत्री निघाली. म्हणजे राखणीला ठेवलेलं कुत्रंच बिबट्याला दारापर्यंत आणतं. त्याच दारात लहान मूल खेळत असतं. 'गावाकडचं कुत्रं कसं मोकळं!' म्हणणाऱ्यांनी हे एकदा बघावं.

दुसरी बाजू रेबीजची. लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ वाचतच नाही, आणि धडगावच्या पाड्यावरून लस मिळेल तिथपर्यंत पोचायला वेळ लागतो. २००१ च्या नियमांनी कुत्री मारण्याऐवजी नसबंदी करून, लस टोचून परत त्याच जागी सोडायचं ठरलं. २०२३ च्या नियमांत 'सामुदायिक प्राणी' असा शब्द आला. गल्लीच्या कुत्र्याला जवळपास दोनशे वर्षांनी रकाना मिळाला! पण टिकतो कुठे? ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली सगळी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं, २२ ऑगस्टला ते बदलून पुन्हा नसबंदी-लस-परत, आणि ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्टँड इथून उचललेली परत सोडू नका असा आदेश. दोन्ही बाजूंचे लोक टीव्हीवर एकमेकांवर भुंकत होते. भाकरी कोण टाकणार, लस कोण टोचणार आणि चावलं तर जबाबदार कोण, यावर मात्र फारच थोडे बोलले. ओट्यावर पहिल्या प्रश्नाचं उत्तर होतं. बाकी दोघांचं तेव्हाही नव्हतं.

मागच्या दिवाळीनंतर आई पुण्याला आली होती. शेजाऱ्यांचा लॅब्राडोर लिफ्टमधून खाली जातो, फिरून वर येतो, पंख्याखाली झोपतो. चार दिवस तिने बघितलं आणि मग विचारलं, "अरे, हा राखतो काय?"